वीज कंपनी बदलायची? आधी बारा बिलं काढा

वीज कुणाकडून घ्यायची हे आपल्या देशातल्या बहुतेक घरांना ठरवता येत नाही. नाशिकला राहा, सांगलीला राहा की चंद्रपूरला, बिल महावितरणचंच येतं. मुंबईच्या उपनगरांत मात्र तसं नाही. गोरेगाव, मालाड, कुर्ला, चेंबूर अशा भागांतल्या घराला अदाणी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर या दोन कंपन्यांमधून निवड करता येते. हा हक्क मिळून पंधरा वर्षं उलटून गेली, तरी तो नीट वापरणारी माणसं मला फार कमी भेटतात. कंपनी बदलता येते हे काहींच्या गावीही नसतं. उरलेल्यांपैकी बरेच जण शेजाऱ्याने बदलली म्हणून बदलून मोकळे होतात.

मी नोकरीची सगळी वर्षं हिशेब खात्यात काढली. निवृत्तीनंतर आमच्या गोरेगावच्या सोसायटीची खजिनदार झाले. पाण्याच्या पंपाचं, लिफ्टचं आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल माझ्याकडे येऊ लागलं आणि ते तपासताना पाहून लोक आपापल्या घरची बिलंही घेऊन येऊ लागले. ‘काकू, जरा बघता का, एवढं कसं आलं?’ इथून सुरुवात होते आणि ‘मग कंपनी बदलू का?’ इथे गाडी येते. या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. स्वस्त कंपनी कोणती हे तुमचं घर महिन्याला किती युनिट वापरतं यावर ठरतं. एकाच जिन्यातल्या दोन घरांची उत्तरं वेगळी निघू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

निवडीचा हक्क आला कुठून?

मुंबईच्या विजेची गोष्ट सह्याद्रीतल्या पावसापासून सुरू होते. लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधून साठवलेलं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवायचं आणि त्यावर वीज करायची, ही टाटांची योजना १९१५ साली प्रत्यक्षात आली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. पुढे भिवपुरी आणि भिरा इथली जलविद्युत केंद्रं आली, १९५६ साली ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं. शहरातल्या घरांना वीज पोचवायचं काम बेस्टकडे होतं. १९०५ साली खासगी कंपनी म्हणून सुरू झालेली बेस्ट ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेकडे आली. उपनगरांत हे काम १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लायकडे, म्हणजे बीएसईएसकडे होतं. ही कंपनी पुढे रिलायन्सकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा मुंबईतला व्यवसाय अदाणी समूहाने घेतला.

कित्येक दशकं कामाची वाटणी साधारण अशी होती: टाटा वीज तयार करणार, ती घाऊक विकणार आणि मोठ्या कारखान्यांना देणार, घरोघरी बेस्ट आणि बीएसईएस पोचवणार. २००३ चा वीज कायदा आला आणि एकाच भागात एकाहून अधिक कंपन्यांना वितरणाचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद झाली. आपल्या जुन्या परवान्यांनुसार घरगुती ग्राहकांनाही थेट वीज देता येते, असं टाटा पॉवरचं म्हणणं होतं. रिलायन्सचा त्याला विरोध होता. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ८ जुलै २००८ रोजी निकाल टाटा पॉवरच्या बाजूने लागला.

तरीही एक अडचण उरली. उपनगरातल्या गल्लीबोळांतून घराघरांत शिरलेल्या तारा रिलायन्सच्या होत्या. टाटांची वीज त्या घरांत जाणार कशी? १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने त्यावर मार्ग काढला. तारा आहेत त्याच राहतील, त्यांतून वीज मात्र दुसऱ्या कंपनीची घेता येईल. रस्ता एकाचा आणि त्यावरून जाणारा माल दुसऱ्याचा, फक्त रस्त्याच्या मालकाला त्याचा टोल द्यायचा. त्या वेळी टाटांचे दर बरेच कमी होते, त्यामुळे अर्जांची रीघ लागली. घरगुती वीजग्राहक आपला पुरवठादार बदलतोय, हे दृश्य मुंबईने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ही सोय सगळ्या मुंबईत सारखी नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टचं क्षेत्र आहे. तिथे बेस्टच्या तारांवरून दुसऱ्याची वीज घेता येत नाही. टाटांच्या स्वतःच्या तारा इमारतीपर्यंत पोचल्या असतील तरच पर्याय उरतो. भांडुप आणि मुलुंड महापालिकेच्या हद्दीत असले तरी विजेसाठी ते महावितरणकडे आहेत. म्हणजे कंपनी बदलण्याचा विचार करण्याआधी आपण कुणाच्या क्षेत्रात राहतो ते बघा.

बिलाची मागची बाजू

बहुतेक लोक बिलावरचे दोनच आकडे वाचतात: एकूण रक्कम आणि भरायची शेवटची तारीख. माझ्याकडे कुणी बिल आणलं की मी आधी ते उलटं करते. रक्कम कशी झाली ते मागे लिहिलेलं असतं.

पहिला असतो स्थिर आकार. घर महिनाभर बंद असलं तरी तो द्यावा लागतो. दुसरा वीज आकार, म्हणजे वापरलेल्या विजेची किंमत. हा टप्प्याटप्प्याने वाढतो: पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, ५०० च्या वर सगळ्यात महाग. इथे एक गैरसमज मला सतत भेटतो. ‘तीनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळीच युनिटं महाग होतात,’ असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. ३१० युनिटं झाली तर वरच्या १० युनिटांनाच वरचा दर लागतो. आधीची ३०० आपापल्या टप्प्याच्या दरानेच मोजली जातात.

तिसरा वहन आकार, म्हणजे तारांचं भाडं. हाही युनिटावर लागतो. जाहिरातीत किंवा गप्पांत जो ‘दर’ सांगितला जातो त्यात तो बहुधा धरलेला नसतो, त्यामुळे तुलना तिथेच फसते. चौथा इंधन समायोजन आकार. कोळसा, वायू किंवा बाहेरून घेतलेल्या विजेची किंमत ठरवलेल्या अंदाजापेक्षा वरखाली झाली की तो फरक यातून वसूल होतो किंवा परत मिळतो. हा कंपनीगणिक वेगळा असतो आणि महिन्यागणिक बदलू शकतो. शेवटी राज्य सरकारचं वीज शुल्क, घरगुती ग्राहकांना १६ टक्के. कंपनी कुठलीही घेतली तरी ते चुकत नाही.

तेव्हा ‘अमक्यांचा दर कमी आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या टप्प्याचा दर? वहन आकार धरून की सोडून? स्थिर आकाराचं काय? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय तुलना होत नाही.

एक इमारत, तीन घरं

आता हिशेब करून पाहू. पुढचे दर मी समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षातले दर आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलत असतात, त्यामुळे तुमच्या वर्षाचं दरपत्रक तुम्हीच समोर ठेवा.

समजा, पहिल्या कंपनीत वीज आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये, १०१ ते ३०० ला ९ रुपये आणि ३०१ ते ५०० ला ११ रुपये पडतात. दुसऱ्या कंपनीत हेच दर अनुक्रमे साडेसहा, साडेआठ आणि ९ रुपये आहेत. स्थिर आकार दोन्हीकडे १०० रुपये.

तळमजल्यावर निवृत्त मास्तर एकटे राहतात. दोन पंखे, एक लहान फ्रीज, टीव्ही. महिन्याला ९० युनिटं. पहिल्या कंपनीत त्यांचं बिल ५५० रुपये होईल, दुसऱ्या कंपनीत ६८५. त्यांनी पहिल्या कंपनीतच राहावं.

दुसऱ्या मजल्यावर नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आजी. वापर २४० युनिटं. पहिल्या कंपनीत १,८६० रुपये, दुसऱ्या कंपनीत १,९४०. इथेही पहिली कंपनी बरी, पण फरक ८० रुपयांवर आला.

चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत एसी आणि घरी बसून संगणकावर काम करणारी दोन माणसं. वापर ४५० युनिटं. पहिल्या कंपनीत ४,०५० रुपये, दुसऱ्या कंपनीत ३,८००. इथे पारडं फिरलं. दुसरी कंपनी महिन्याला २५० रुपयांनी स्वस्त. वर शुल्क धरलं की हा फरक आणखी वाढतो.

या दरांत पारडं नेमकं ३२५ युनिटांवर फिरतं. त्याच्या खाली पहिली कंपनी स्वस्त, त्याच्या वर दुसरी. खऱ्या दरपत्रकांतही असा एखादा आकडा निघू शकतो. एक कंपनी कमी वापराच्या ग्राहकाला स्वस्त आणि जास्त वापराच्या ग्राहकाला महाग असू शकते, दुसरीचं उलट असू शकतं. चौथ्या मजल्यावरच्या ताई कंपनी बदलून खूश आहेत म्हणून तळमजल्यावरच्या मास्तरांनी तीच कंपनी घेतली, तर त्यांना दर महिन्याला सव्वाशेच्या वर भुर्दंड बसेल. त्यांना तो कळणारही नाही, कारण बिल मुळातच लहान आहे.

मे महिन्याचं बिल फसवतं

लोक माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते जूनच्या सुरुवातीला, हातात मे महिन्याच्या वापराचं बिल घेऊन. आकडा पाहून धसका घेतलेला असतो आणि कंपनी बदलायचा निश्चय जवळपास झालेला असतो. मी त्यांना परत पाठवते आणि मागची बारा बिलं घेऊन यायला सांगते. कागद जपून ठेवले नसले तरी हरकत नाही. बिलावरच मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो आणि कंपनीच्या ॲपवर जुनी बिलं मिळतात.

बारा महिने का, ते एका घराच्या आकड्यांवरून दाखवते. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत युनिटं अशी धरा: १४०, १३५, १९०, २९०, ३४०, २६०, १९०, १८०, १८५, २४०, १७०, १४०. मुंबईचं हवामान यात स्पष्ट दिसतं. मार्चपासून पंखे वाढतात, एप्रिल-मे एसीचे, पावसाळ्यात उतार, ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा चढ, मग थंडीतली शांतता. वर्षाची बेरीज २,४६०.

वरच्याच दरांनी हिशेब केला तर बारापैकी फक्त मे महिन्यात दुसरी कंपनी स्वस्त पडते, तीही ३० रुपयांनी. बाकी अकरा महिने पहिली कंपनी स्वस्त. वर्षाअखेर पहिल्या कंपनीत १,११० रुपये वाचतात. मे महिन्याचं बिल पाहून निर्णय घेतला असता तर नेमकी उलटी दिशा धरली गेली असती. ज्या महिन्यात बिल सगळ्यात जास्त डाचतं, तोच महिना निर्णयासाठी सगळ्यात वाईट.

बिलं चाळताना आणखी एक गोष्ट बघा: मीटरवाचन खरं आहे की सरासरीचं. मीटरपर्यंत जाता आलं नाही तर अंदाजाने आकारणी होते आणि पुढच्या महिन्यात फरक एकदम येतो. असा महिना हिशेबात तसाच धरला तर चित्र बिघडतं. बिलावरचा आकडा आणि जिन्याखालच्या मीटरवरचा आकडा महिन्यातून एकदा जुळवून पाहिला की ही भानगड राहत नाही.

तारा त्याच, कंपनी दुसरी

कंपनी बदलण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात तारा जुन्या कंपनीच्याच राहतात, वीज नवी कंपनी देते आणि बिल नवी कंपनी पाठवते. याला चेंजओव्हर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात नवी कंपनी स्वतःच्या तारेने जोडणी देते, तो स्विचओव्हर. तुमच्या इमारतीला यांपैकी काय मिळू शकतं हे कंपनीला विचारल्याशिवाय कळत नाही, कारण नवं जाळं कुठे टाकायचं यावर आयोगाची बंधनं आहेत. ती रास्तही आहेत. एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांनी दोनदा खोदून केबल टाकल्या तर तो खर्च शेवटी ग्राहकांच्याच दरात चढतो.

चेंजओव्हर केलेल्यांनी एक खूणगाठ बांधून ठेवावी. पावसात केबल गेली, फ्यूज उडाला, तर तारा ज्याच्या त्याच्याकडेच दुरुस्तीचं काम राहतं. कंपनी बदलल्याने वीज जाणं कमी होईल ही अपेक्षा चुकीची आहे. बदलतो तो विजेचा पुरवठादार आणि बिलाचा हिशेब.

याच हिशेबात अधिभाराचा मुद्दा येतो आणि घाईत तोच निसटतो. आपल्याकडे कमी वापराच्या घरांना वीज उत्पादन-खर्चापेक्षा स्वस्त मिळते. त्याची भरपाई जास्त वापराची घरं, दुकानं आणि कार्यालयं यांच्या चढ्या दरांतून होते. २००९ नंतर जास्त वापराचे ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ लागले आणि मागे राहिलेल्या लहान ग्राहकांवर भार येणार हे दिसू लागलं. म्हणून आयोगाने सप्टेंबर २०११ पासून तारा जुन्या ठेवून कंपनी बदलणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. मागच्या वर्षांची थकलेली वसुलीही पुढे त्यांच्याकडून घेतली गेली. त्यावर अपिलं झाली, आदेश बदलले. पण मूळ विचार मला मान्य आहे. माझ्या बचतीचं ओझं झोपडीतल्या ५० युनिटांच्या ग्राहकावर पडू नये.

अधिभार कुठल्या टप्प्याला किती, हे वर्षागणिक बदलतं. वरच्या उदाहरणातलं कुटुंब दुसऱ्या कंपनीत आहे आणि पहिल्या कंपनीकडे जाताना त्याला युनिटामागे ४५ पैसे अधिभार पडला असं धरा. २,४६० युनिटांवर ते १,१०७ रुपये होतात. वर्षाची १,११० रुपयांची बचत जवळजवळ सगळी त्यातच जिरली. म्हणून कंपनीला विचारायचा प्रश्न ‘तुमचा दर काय?’ हा नाही. ‘माझ्या या बारा महिन्यांच्या युनिटांवर, सगळे आकार आणि अधिभार धरून, एकूण किती होतील?’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

अर्ज करण्याआधी

पद्धत फार अवघड नाही. जुन्या कंपनीची थकबाकी शून्य हवी. नव्या कंपनीकडे अर्ज, ओळखीचा आणि जागेचा पुरावा द्यायचा आणि सुरक्षा ठेव भरायची. जुन्या कंपनीकडची ठेव परत मिळते; ती मिळाली की नाही याचा पाठपुरावा मात्र स्वतः करायचा. ठेवीवर व्याज देण्याचं बंधन वीज कायद्यातच आहे. वीजजोडणी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावावर असेल आणि ते आता हयात नसतील तर आधी नाव बदलून घ्या. कित्येकांचे अर्ज याच एका कारणाने अडकतात.

दर आयोग ठरवतो आणि ते एका वर्गातल्या सगळ्या ग्राहकांना सारखे असतात. तेव्हा दारात येऊन ‘तुमच्यासाठी खास दर’ सांगणाऱ्याला बिल दाखवू नका, सही तर मुळीच करू नका. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा निरोप मोबाइलवर आला तर तो चोरांचा आहे असं समजा. अशा निरोपांतून आपल्याकडच्या कित्येक ज्येष्ठांचे पैसे गेले आहेत.

बिलाबाबत तक्रार असेल तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. घरगुती ग्राहकाला तिथे वकिलाशिवाय आपली बाजू मांडता येते.

कंपनी न बदलताही

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वाचकांना कंपनी निवडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बिल कमी करण्याच्या वाटा तिथे संपत नाहीत. वेळेनुसार वापर मोजणारं टीओडी मीटर बसलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते. कपड्यांचं मशीन, इस्त्री, पाण्याची मोटार ही कामं त्या वेळेत बसवता येतात. स्वतःचं छत असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सौर विजेच्या योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार मिळतात.

आणि घरातला वापर. जिन्याखालच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवरच छापलेला असतो, समजा ३,२००. एका रात्री फ्रीजचं बटण काही मिनिटं बंद करा. पंखे, दिवे सगळं बंद करा आणि मीटरपाशी घड्याळ घेऊन उभे राहा. दिवा तरीही साधारण २२-२३ सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल, तर घरात ५० वॉट वीज कुणीही न वापरता जाते आहे. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, वायफायचा डबा, संगणक, प्लगला लावून ठेवलेली यंत्रं. महिन्याला ही ३६ युनिटं होतात. वायफाय चालू ठेवावा लागला तरी बाकीच्यांची बटणं रात्री भिंतीवरच बंद करता येतात.

जुना पंखा सुमारे ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा २८ ते ३५. दिवसाला १५ तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला २० युनिटांच्या आसपास वाचतात. एसी २४ अंशांवर ठेवून पंखा बारीक लावला तर आणखी. ही वाचलेली युनिटं नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातली असतात, कारण कपात वरून होते. या सगळ्यांतून ९ रुपयांच्या टप्प्यातली ३६ युनिटं वाचली, तर महिन्याला ३२४ रुपये. वरच्या कुटुंबाला योग्य कंपनीत राहून महिन्याला सरासरी ९२ रुपये वाचत होते. दोन्ही करा, पण क्रम हा ठेवा: आधी वापर, मग कंपनी. वापर बदलला की टप्पाही बदलतो आणि कुठली कंपनी स्वस्त याचं उत्तरही बदलू शकतं.

हा हक्क जागता ठेवायला हवा

मुंबईबाहेरही समांतर परवान्याचा, म्हणजे एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना देण्याचा, प्रश्न आलेला आहे. नवी मुंबई-ठाणे परिसरात खासगी कंपनीने वितरणाचा परवाना मागितला, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये राज्यातल्या वीज कर्मचाऱ्यांनी संप केला. नफ्याचा शहरी ग्राहक खासगीकडे जाईल आणि शेतकरी व गोरगरीब ग्राहकांचा तोटा सरकारी कंपनीकडे उरेल, ही त्यांची भीती होती. मुंबईने २००९ ते २०११ मध्ये जे पाहिलं ते लक्षात घेता ही भीती पोकळ नाही. आज ना उद्या हा प्रश्न इतर शहरांतल्या वाचकांसमोरही येईल. निवड मिळावी असं माझं मत आहे. पण तिच्याबरोबर लहान ग्राहकाचं संरक्षण लेखी नियमांत असलं पाहिजे.

त्यासाठी आपल्याला बोलावं लागेल. दर ठरवण्याआधी कंपन्यांना आयोगापुढे याचिका दाखल करावी लागते, त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते, हरकती मागवल्या जातात आणि जनसुनावणी होते. त्या सूचना-हरकती कुणीही नागरिक साध्या कागदावर पाठवू शकतो. मोठे उद्योग आपले तज्ज्ञ पाठवतात. घरगुती ग्राहकांच्या बाजूने काही ग्राहक संघटना आणि मोजकी चिकाटीची माणसं उभी राहतात. वीज वापरणारं घर लाखात एखादंच तिथे बोलतं.

नवे दर साधारणपणे १ एप्रिलपासून लागू होतात. दर वर्षी ते जाहीर झाले की एक संध्याकाळ काढा. बारा बिलांतली युनिटं एका कागदावर उतरवा, दोन्ही कंपन्यांची दरपत्रकं शेजारी ठेवा आणि वर्षाची बेरीज करा. फरक मोठा निघाला तर बदला, नाही निघाला तर निवांत राहा. घरात ज्येष्ठ माणसं एकटी राहत असतील तर त्यांचाही हिशेब करून द्या. आणि पुढची जनसुनावणी जाहीर होईल तेव्हा चार ओळींची का होईना, तुमची हरकत आयोगाकडे नक्की पाठवा.